दोन ठोकळे, घनता एकच, ताठपणा मात्र सात-आठपट वेगळा

कापूसकोंड्या

मंडळी, नमस्कार. एरवी मी बहुतेक वाचनमात्र असतो, पण तीन आठवडे एका गोष्टीने डोकं खाल्लंय म्हणून धागा काढतोय.

काम असं. लाकडाच्या ब्लीच केलेल्या लगद्यापासून सेल्युलोजचे नॅनोतंतू काढायचे, पाण्यातलं त्यांचं जेल साच्यात ओतून गोठवायचं, फ्रीज ड्रायरमध्ये बर्फ उडवून लावायचा आणि मागे उरलेला पांढरा, हातात घेतला तरी वजन जाणवू नये असा ठोकळा प्रेसमध्ये दाबून बघायचा. जेलमध्ये घनभाग १.२ टक्के, म्हणजे लिटरमागे बारा ग्रॅम. वाळताना आकसला नाही तर घनता १२ किलो प्रति घनमीटरच्या आसपास यायला हवी. एका ठोकळ्याची १२ आली, दुसऱ्याची १२.३. इथवर सगळं बैजवार.

मग दाबले. पहिल्याचा मॉड्युलस २१० किलोपास्कल, दुसऱ्याचा २८. लगदा तोच, बॅच तीच, साचाही तोच. एकाच मोठ्या विटेतून ब्लेडने कापलेले तीन-तीन सेंटिमीटरचे घन आहेत हे. लोड सेल (जोर मोजणारा भाग) तपासला, ठीक आहे. गिब्सन-अ‍ॅशबीच्या सूत्रात घनतेशिवाय दुसरं काही बदलतच नाही, मग हा फरक आला कुठून?

नवशिकी

आमच्यासारख्यांसाठी ते सूत्र जरा इस्कटून सांगाल का कोणी? आणि मॉड्युलस किलोपास्कलमध्ये म्हणजे कितपत मऊ?

मोजूनमापून

नवशिकी, मॉड्युलस म्हणजे ताठपणा. अगदी थोडं दाबलं तर किती जोराने उलट रेटतो, ते माप. २८ किलोपास्कलचा ठोकळा बोटाने सहज दबतो, २१० चा थोडा नखरा करतो.

आता सूत्र. फोम म्हणजे बारीक काड्यांची किंवा पडद्यांची चौकट, मधे हवा. वरून दाबलं की उघड्या घरांच्या फोममध्ये काड्या सरळ चेपल्या जात नाहीत, त्या वाकतात. हिशोब त्या वाकण्याचा आहे. काडी जितकी बारीक तितकी ती फारच पटकन वाकते, म्हणून ताठपणा सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. सापेक्ष घनता म्हणजे फोमची घनता भागिले भिंतीच्या मालाची घनता. सेल्युलोजची साधारण १५०० धरा. १२ भागिले १५०० म्हणजे ०.००८. ठोकळ्यात ९९.२ टक्के हवा आहे.

भिंतीच्या मालाचा मॉड्युलस १० गिगापास्कल धरला आणि त्याला सापेक्ष घनतेच्या घाताने गुणलं (वर्ग म्हणजे घातांक २), तर घातांकानुसार काय येतं बघा. घातांक १ धरला तर ८० मेगापास्कल. घातांक २ धरला तर ६४० किलोपास्कल. घातांक ३ धरला तर जेमतेम ५ किलोपास्कल.

कापूसकोंड्या, तुमचे दोन्ही आकडे २ आणि ३ च्या मधे पडतात. त्यामुळे सूत्रात घनतेशिवाय काही बदलत नाही हे खरं नाही. घातांक बदलतो, आणि इतक्या हलक्या मालात तो जरासा हलला तरी आकडा कोलांटी मारतो. घातांक म्हणजे ठोकळ्याच्या पोटात नेमकं काय वाकतंय, चेपतंय की नुसतं लोंबतंय, याचा सारांश. अमुक एक घातांक धरून बसायचं आणि मग आश्चर्य करायचं, याला अर्थ नाही.

लगदेवाला

मोजूनमापून यांच्याशी सहमत. थोडी पुस्ती जोडतो, पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या. माझी निम्मी हयात कागदाच्या लगद्यात गेली.

ते १० गिगापास्कल कुठून आले हे लोक विचारत नाहीत. सेल्युलोजच्या स्फटिकाचा साखळीच्या दिशेने मॉड्युलस सुमारे १४० गिगापास्कल आहे. हाच आकडा जाहिरातीत असतो, ‘निसर्गातला पोलादी तंतू’ वगैरे. पण स्फटिक सुटा कुणाच्या हाती लागतो? एकेक तंतू ३ ते ५ नॅनोमीटर जाड, लांबी मायक्रोमीटरमध्ये. ते वेडेवाकडे एकमेकांवर पडून पडदा होतो, आणि त्यांना धरून ठेवतात मुख्यतः हायड्रोजन बंध आणि आपसातला गुंता. अशा तंतूंचा घट्ट दाबून कागद केला तर मॉड्युलस १० ते १५ गिगापास्कलच्या घरात येतो. फोमची भिंत त्याहून विरळ आणि चुरगळलेली. म्हणजे १० सुद्धा उदार हाताने दिलेला आकडा.

दुसरं, तंतूंची लांबी. हे तंतू लगद्यातून सोडवण्याची युक्ती टर्बॅक, स्नायडर आणि सँडबर्ग यांनी आयटीटी रेयॉनियर या अमेरिकी लगदा कंपनीत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काढली. दूध एकजीव करतात तसल्या होमोजिनायझरमधून लगदा पुन्हा पुन्हा दाबाने ढकलायचा. वीज प्रचंड खायची आणि नळ्या तुंबायच्या. तुंबणाऱ्या होमोजिनायझरशी ज्याची गाठ पडली नाही त्याने नॅनोतंतूंवर बोलू नये असं माझं वैयक्तिक मत आहे (हलकेच घ्या). पुढे २००६ च्या सुमारास टोकियोत साइतो आणि इसोगाई यांनी टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने तंतूंच्या पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट चढवले. सारखा विद्युतभार आला की तंतू एकमेकांना आपणहून ढकलतात, मग यंत्राला फार जोर लावावा लागत नाही.

पण यंत्राचे फेरे जास्त झाले, किंवा आम्लाने चावून काढलेले आखूड नॅनोस्फटिक घेतले, की गुंता राहत नाही. त्यांचा फोम दाबला की भुगा होतो. लांब तंतूंचा फोम चुरगळतो, तुटत नाही. कापूसकोंड्या, दोन्ही ठोकळे नक्की एकाच घाण्यातले ना?

कापूसकोंड्या

हो काका, एकाच विटेतले. होमोजिनायझरचा माझाही अनुभव तसाच आहे, त्यामुळे बोलायचा परवाना मिळावा.

शंकासूर

एक मूलभूत हरकत. शीर्षकात ठोकळे, मजकुरात फोम, आणि कापूसकोंड्या, परवा तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर याला एरोजेल (द्रव काढूनही न आकसलेलं जेल) म्हणाला होतात. सॅम्युअल किस्लर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये एरोजेल केलं ते अतिक्रांतिक वाळवणीने. फ्रीज ड्रायरमधून निघालेल्याला एरोजेल म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

मोजूनमापून

फसवणूक जरा जास्त होतंय, पण मुद्दा बरोबर आहे, आणि नुसता नावाचा नाही. किस्लरने सेल्युलोजचंही एरोजेल केलं होतं. अतिक्रांतिक वाळवणीत जेलमधलं पाणी आधी अल्कोहोलने बदलतात, मग अल्कोहोल कार्बन डायऑक्साइडने, आणि तो ३१ अंश व ७४ बारच्या वर नेऊन वायूसारखा सोडून देतात. द्रव आणि वायू यांच्यातला पृष्ठभाग कधी तयारच होत नाही. त्यामुळे कोळ्याच्या जाळ्यासारखं तंतूंचं जाळं जसंच्या तसं राहतं.

तो पृष्ठभाग तयार झाला तर काय होतं? पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. भोकाची त्रिज्या २० नॅनोमीटर धरा. दाब येतो ७.२ मेगापास्कल, वातावरणाच्या सत्तरपट. आणि तुमचं जाळं आहे किलोपास्कलच्या ताठपणाचं. नुसतं उघड्यावर वाळवलं तर चुरगळून कागदच होणार.

गोठवण्यात तिसरंच घडतं. बर्फाचा स्फटिक वाढताना तंतूंना आत घेत नाही, बाजूला रेटतो. दोन स्फटिकांच्या मधे ते चेंगरून पडदे होतात. बर्फ गेला की पडदे आणि त्यांच्यामधल्या मायक्रोमीटरमधल्या पोकळ्या उरतात. घनता तीच असली तरी एक जाळं आणि दुसरी पडद्यांची चाळ. जाळ्यात कितीतरी तंतूंची टोकं नुसती लोंबत असतात, त्यांचं वजन मोजलं जातं पण भार ती काहीच पेलत नाहीत. म्हणून जाळ्याचा घातांक ३ कडे किंवा पलीकडे जातो.

शंकासूर

म्हणजे मी बरोबर होतो.

मोजूनमापून

होतात, पण या कोड्याला त्याचा उपयोग नाही. त्यांचे दोन्ही ठोकळे फ्रीज ड्रायरचेच आहेत.

ओलसर_भिंत

मला वाटतं उत्तर हवेत आहे. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी केल्या का? सेल्युलोजला पाण्याचं भारी वेड. ५० टक्के आर्द्रतेतही हा माल स्वतःच्या वजनाच्या सहा ते दहा टक्के पाणी धरून बसतो, आणि ९० टक्क्यांत त्याहून बरंच जास्त. पाणी स्फटिकात शिरत नाही, ते तंतूंच्या पृष्ठभागावर आणि सांध्यांत बसतं. म्हणजे तंतू तसाच ताठ राहतो, पण त्यांना बांधणारे हायड्रोजन बंध सैल होऊन तंतू एकमेकांवरून सरकतात. टेम्पोवाल्या तंतूंवर सोडियम असेल तर ओढ आणखी. तो सोडियम काढून कॅल्शियम किंवा अॅल्युमिनियम बसवलं की दोन तंतूंमध्ये पाचर ठोकल्यासारखं होतं, ओला झाला तरी फोम विरघळत नाही.

अवांतर: घनता मोजताना हे पाणीही वजनात येतं, ते वजा केलंत का?

कापूसकोंड्या

पकडलंत. पहिला ठोकळा शुक्रवारी ड्रायरमधून काढल्या काढल्या दाबला. दुसरा उघड्या ट्रेमध्ये दोन दिवस पडला होता, आणि ते दोन दिवस हवा चांगलीच दमट होती. पाणी वजाही केलेलं नाही. लाज वाटतेय, पण खरं ते सांगितलं.

दाबलेले ठोकळे ७० टक्क्यांपर्यंत चेपले गेलेत, ते पुन्हा वापरता येत नाहीत. विटेत आणखी आठ घन शिल्लक आहेत. सगळे २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत एक पूर्ण दिवस ठेवून मग दाबतो. परवा कळवतो.

नवशिकी

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कापूसकोंड्या

धागा वर काढतोय. आठही घन झाले. घनता पाणी वजा करून ११.५ ते ११.९. पण आकडे अजूनही दोन कळपांत. पाच घन १५० ते १९० किलोपास्कलमध्ये, तीन ३० ते ४० मध्ये. दरी थोडी कमी झाली, बुजली नाही. आणि मधे कुणीच नाही! विखुरले असते तर समजलो असतो की माझंच काम गचाळ आहे.

जोर विरुद्ध चेपलेपणा या आलेखाचे आकारही वेगळे. ताठ कळपात सुरुवातीला सरळ चढण, मग चार-पाच टक्क्यांवर गुडघा, मग लांबलचक पठार. मऊ कळपात गुडघाच नाही, पहिल्यापासून सावकाश चढत जातो.

मोजूनमापून

दोन कळप आणि मधे कुणीच नाही, हे वाचून खुर्चीतून उठलो. वीट गोठवलीत कशी, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. थंडी सगळीकडून होती की एकाच बाजूने?

कापूसकोंड्या

एकाच बाजूने. साचा प्लॅस्टिकचा, तळाला तांब्याची जाड पट्टी, पट्टीचं खालचं टोक द्रव नायट्रोजनमध्ये. बर्फ खालून वर चढतो.

आणि हो... घन कापल्यावर कुठली बाजू खाली होती हे लिहून ठेवलं नाही. घन घनासारखाच दिसतो हो सगळीकडून.

मोजूनमापून

मग झालं की. आधी विचारायला हवं होतं, माझंही चुकलं.

बर्फ खालून वर वाढला म्हणजे पडदे उभे. तुमची वीट म्हणजे उभ्या नळ्यांची किंवा उभ्या पडद्यांची जुडी. वरून दाबली की पडदे टोकावर उभे राहून भार घेतात, आडवी करून दाबली की ते नुसते दुमडतात. पुठ्ठ्याचं खोकं उभं ठेवून त्यावर बसा आणि आडवं पाडून बसा, फरक कळेल. सहा बाजूंपैकी दोनच ‘ताठ’ आहेत. तरी तुमचे पाच घन ताठ निघाले, म्हणजे ठेवताना हात बहुधा विटेतल्याच दिशेने जात होता.

तो गुडघाही साक्ष देतो. पडदे लवचीकपणे बकल होत असतील (म्हणजे उभ्या भाराखाली एकदम बाजूला वाकत असतील), तर सूत्राप्रमाणे पठाराचा ताण मॉड्युलसच्या साधारण पाच टक्के असतो, म्हणजे घन पाच टक्के चेपला जातो तिथे गुडघा यायला हवा. तुमचा चार-पाचवर आलाय. आडव्या दिशेत पडदे आधीच वाकलेले, बकल व्हायला सरळ उभं कुणी नाहीच, म्हणून गुडघाही नाही.

शंकासूर

एक मिनिट. पडदे टोकावर उभे असतील तर घातांक १ यायला हवा. तुमच्याच हिशोबाने ८० मेगापास्कल. यांना १७० किलोपास्कल मिळालेत. चारशे-पाचशेपट कमी! हे कसं बसवणार?

मोजूनमापून

चांगला प्रश्न, आणि याचं एका ओळीत उत्तर नाही. घातांक १ हा सरळ, सपाट, अखंड पडद्यांसाठी. खऱ्या पडद्याची जाडी मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी, त्यात सुरकुत्या, भोकं, आणि बर्फाच्या फांद्या तिरक्या गेल्या तिथे खाचा. पातळ कागदाला टोकावर उभं करा, सुरकुती असेल तिथून तो पहिल्या क्षणापासून वाकायला लागतो. शिवाय ब्लेडने कापलेल्या तोंडावर सगळे पडदे एका उंचीचे नसतात. प्रेसची थाळी आधी दोन-चार उंच पडद्यांवर टेकते, मग बाकीच्यांवर. आलेखाच्या पायाशी जो लोळणारा भाग दिसतो, तो हाच. मॉड्युलस तिथून काढला तर नेहमी कमी येतो. थोडं दाबून, थोडं सोडून, त्या सोडण्याच्या रेषेचा उतार घ्या, जास्त खरा असतो.

लगदेवाला

आणि वीट सगळीकडे सारखीही नसते. तांब्याला लागून बर्फ झपाट्याने होतो, स्फटिक बारीक, पडदे दाट आणि विस्कळीत. वर जावं तसा वेग मंदावतो, पोकळ्या मोठ्या, भिंती जाड. तळाचा बोटभर भाग मी तर फेकूनच देतो.

कापूसकोंड्या

नवी वीट केली. तळ काढून टाकला. बारा घन, सहा उभे, सहा आडवे, ठरवून. उभे सगळे १७० ते २०० मध्ये, सोडण्याच्या रेषेवरून काढले तर त्याहून वर. आडवे सगळे ३० ते ४० मध्ये. म्हणजे मूळ फरकातला मोठा वाटा दिशेचा, उरलेला हवेचा. ओलसर_भिंत, तुमचं श्रेय कमी होत नाही.

एक गंमत. आडवे दाबताना घन बाजूंनी फुगतच नाही. रबर दाबलं की कडा बाहेर येतात, इथे काठ जिथल्या तिथे. पॉयसन गुणोत्तर, म्हणजे या फुगण्याचं माप, शून्याजवळ. पडदे रिकाम्या जागेत घडी होऊन बसतात, बाहेर जायची गरजच काय!

नवशिकी

आता मला कळतंय, आणि म्हणून प्रश्न. नाजूक वस्तूभोवती थर्माकोलऐवजी हे वापरता येईल का? थर्माकोल किती जड असतो?

मोजूनमापून

थर्माकोल साधारण १५ ते ३० किलो प्रति घनमीटर, आणि वजनाच्या मानाने ताठपणात अजून तोच पुढे. त्याची घरं बंद, भिंती अखंड.

पण धक्का सोसण्यात ताठपणापेक्षा पठार महत्त्वाचं. समजा पठार ३० किलोपास्कलवर आहे आणि ६० टक्के चेपेपर्यंत टिकतं. शोषलेली ऊर्जा ३० गुणिले ०.६, म्हणजे १८ किलोजूल प्रति घनमीटर, लिटरमागे १८ जूल. एक किलोची वस्तू मीटरभर उंचीवरून पडली तर ९.८ जूल. अर्धा लिटरहून जरा जास्त फोम पुरतो. हा फोम ६० टक्क्यांनंतर एकदम भिंतीसारखा कडक होत नाही, हळूहळू होतो, हेही चांगलंच. अडचण अशी की एकदा चेपला की चेपला. दुमडलेल्या पडद्यांत नवे हायड्रोजन बंध जुळतात आणि तो तसाच राहतो.

ओलसर_भिंत

कोरडा असेल तर. तंतूंना रासायनिक टाके घातलेले असले, उदाहरणार्थ पेरिआयोडेटने ऑक्सिडाइझ करून अल्डिहाइड गट तयार केले आणि त्यांनी शेजारच्या तंतूला धरलं, तर चेपलेला फोम पाण्यात टाकताच पुन्हा उठून बसतो. पाणी नवे जुळलेले बंध सोडवतं, टाके जुना आकार लक्षात ठेवतात. टाके नसतील तर त्याच पाण्यात त्याचा पुन्हा लगदा होतो.

उष्णतारोधक म्हणूनही बघा. २०१५ मध्ये नॅनोतंतू, ग्राफीन ऑक्साइड, सेपिओलाइट (एक मातीचं खनिज) आणि बोरिक आम्ल मिळून असाच एकदिश गोठवलेला फोम केला गेला. त्याची उष्णतावाहकता आडव्या दिशेत १५ मिलिवॅट प्रति मीटर केल्विन, म्हणजे स्थिर हवेच्या २५-२६ पेक्षाही कमी. उभ्या दिशेत मात्र बरीच जास्त.

लगदेवाला

सगळं छान, पण पाण्याचा हिशोब कुणी केला का? दहा ग्रॅम फोमसाठी जवळपास लिटरभर बर्फ उडवायचा. बर्फाची थेट वाफ करायला किलोमागे सुमारे २८०० किलोजूल, म्हणजे पाऊण युनिटहून जास्त, तेही यंत्रात वाया जाणारी वीज न धरता. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात म्हणूनच दुसरी वाट धरली गेली. तंतूंचा पृष्ठभाग जरासा पाणी-नावडता करायचा, जेल घुसळून फेस करायचा, तंतू बुडबुड्यांच्या कडेला जाऊन बसतात आणि फेस साध्या ओव्हनमध्ये वाळतो. घरं बंद राहतात, आणि दिशेचं लफडंही नाही.

कापूसकोंड्या

काका, पुढची बॅच त्याचीच.

तोवर एक घरगुती अडचण. दिशा लक्षात राहावी म्हणून घनावर पेनाने बाण काढला. शाई आत झिरपली, बाणाचा टिपका झाला आणि तिथे खळगा पडला. कोपरा कापून खूण करावी, तर क्षेत्रफळ बदलतं.

नवशिकी

शिसपेन्सिल?

कापूसकोंड्या

टोक आरपार गेलं. आता ट्रेवरच खण आखलेत, उभ्यांचे वेगळे, आडव्यांचे वेगळे, आणि घन उचलला की हातातून न ठेवता थेट प्रेसखाली.